मंदी सगळ्यांवर येते, पण काम आधी कुणाचं जातं?

कोरोनाच्या पहिल्या लाटेत "हा विषाणू गरीब-श्रीमंत बघत नाही" हे वाक्य टीव्हीवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, सगळीकडे ऐकू यायचं. आजाराचं काय ते डॉक्टर सांगतील, पण पोटापाण्याच्या बाबतीत हे तेव्हाही खोटं होतं आणि आज एवढे आकडे हातात असताना तर कुणी ते बोलूच नये असं मला वाटतं. २४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता लॉकडाऊन जाहीर झाला, २५ पासून देश बंद, आणि पुढच्या पाच-सहा आठवड्यांत कुणाचं काम पूर्ण गेलं, कुणाचा पगार अर्धा झाला आणि कुणाचं काम घरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून तसंच चालू राहिलं हे नीट बघितलं तर त्यात नशिबाचा भाग फार थोडा दिसतो. निकाल बराचसा आधीच लागलेला होता. कुणाकडे नोकरीचा कसला कागद आहे, कोण कुठल्या धंद्यात आहे, जात काय, बाई की पुरुष, वय किती, यावर.

आधी मोठा आकडा बघू. सीएमआयई ही मुंबईची संस्था घरोघरी सर्व्हे करून रोजगार मोजते. त्यांच्या हिशोबाने २०१९-२० मध्ये देशात सरासरी ४० कोटी ४० लाख लोकांना काम होतं आणि एप्रिल २०२० मध्ये ते २८ कोटी २० लाखांवर आलं, म्हणजे एका महिन्यात १२ कोटी २० लाख लोकांचं काम थांबलं. बेरोजगारीचा दर साडेतेवीस टक्क्यांवर गेला. बातम्यांमध्ये हाच दर फिरत होता आणि तो भयंकर आहेच, पण त्याच्या आत शिरलं की खरी गोष्ट कळते. या १२ कोटींपैकी ९ कोटींहून जास्त लोक छोटे विक्रेते आणि रोजंदारीवाले होते. लॉकडाऊनच्या आधी काम करणाऱ्या सगळ्या लोकांत त्यांचा वाटा साधारण एक तृतीयांश होता, पण गेलेल्या कामांत तीन चतुर्थांश. पगारी नोकरीवाल्यांचीही पावणेदोन कोटींहून जास्त कामं गेली, तो आकडा काही लहान नाही, पण प्रमाण बघा, रोजंदारी आणि छोट्या विक्रीवाल्यांत दहातल्या सातजणांचं काम गेलं आणि पगारदारांत पाचातल्या एकाचं.

आता हे असं का होतं? मालक दुष्ट असतो म्हणून, असं उत्तर सोपं आहे पण त्याने काही समजत नाही. कारखान्याच्या ऑर्डरी आटल्या की मालकाला खर्च कमी करायचा असतो, आणि ज्या माणसाला कमी करायला सगळ्यात कमी खर्च आणि कमी कटकट, तो पहिला जातो. ही कटकट किती हे कायदा ठरवतो. तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात असं होतं की वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यायचा, शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून. त्याच कायद्यात हेही लिहिलेलं की कपात करताना त्या प्रकारच्या कामात जो शेवटी आला तो सहसा आधी जाईल. चाकण, भोसरी, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत काम केलेल्या माणसाला २४० हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. तिथे पोरांना सात-सात महिन्यांनी "ब्रेक" देतात तो याचसाठी, दिवस भरूच द्यायचे नाहीत. मग मंदी आली की परमनंट माणसाला हात लावायला नोटीस, भरपाई, युनियन, कामगार आयुक्त एवढं सगळं लागतं आणि कंत्राटी पोराला कंत्राटदार नुसता फोन करून सांगतो की उद्यापासून येऊ नको. तो काढला गेला अशी नोंद पण कुठे होत नाही, कारण तो त्या कंपनीचा कधी होताच कुठे?

आणि हे फक्त कारखान्यापुरतं नाही. सरकारच्याच २०१८-१९ च्या सर्व्हेप्रमाणे शेतीबाहेर नियमित पगारावर असलेल्या लोकांपैकी जवळजवळ ७० टक्के लोकांकडे लेखी करार नव्हता आणि निम्म्याहून जास्त लोकांना भरपगारी सुट्टी किंवा पीएफसारखी कुठलीच सुरक्षा नव्हती. लक्षात घ्या, हे "पगारदार" आहेत, ज्यांना आपण नोकरीला लागलेले समजतो. दुकानातला सेल्समन, डॉक्टरांच्या क्लिनिकमधली रिसेप्शनिस्ट, खाजगी शाळेतले शिक्षक, सोसायटीचा वॉचमन. नाक्यावर सकाळी सातला उभा राहणारा बिगारी तर या हिशोबात येतच नाही, त्याची नोकरी रोज संध्याकाळी संपते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत शोधायची असते, त्यामुळे त्याला "काढलं" हा शब्दच लागू नाही. २९ मार्च २०२० ला केंद्राने आदेश काढला होता की लॉकडाऊनच्या काळात कामगारांचा पगार कापू नका. आदेश चांगलाच होता, पण तो ज्याचा मालक कोण हे कागदावर दिसतं त्यालाच उपयोगी पडणार, आणि १८ मे पासून तोही मागे घेतला गेला.

दुसरा भाग धंद्याचा. प्रत्येक संकट वेगळ्या धंद्यावर आधी पडतं, त्यामुळे प्रत्येक वेळी भरडले जाणारे लोकही थोडे बदलतात, आणि हे समजून घेतलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. अमेरिकेचंच बघा, २००८ नंतरच्या मंदीत तिथे बांधकाम आणि कारखानदारी झोपली, तिथे बहुतेक पुरुष कामाला, म्हणून पुरुषांची बेरोजगारी बायकांपेक्षा बरीच वर गेली. २०२० मध्ये हॉटेलं, दुकानं, पार्लर, पाळणाघरं बंद झाली, तिथे बायका जास्त, म्हणून एप्रिल २०२० मध्ये तिथल्या बायकांचा दर १६ टक्क्यांच्या वर आणि पुरुषांचा साडेतेराच्या आसपास. म्हणजे स्त्री-पुरुषांचा क्रम उलटला. पण तिथल्या काळ्या लोकांचा क्रम कधी उलटला? २०१० च्या सुरुवातीला त्यांची बेरोजगारी १६ टक्क्यांच्या वर होती, गोऱ्यांची नऊच्या आसपास. २०२० च्या एप्रिलमध्ये काळ्यांची १६.७, गोऱ्यांची १४.२, आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांची सगळ्यात जास्त, १८.९. धंदा कुठलाही बुडो, काही गट दरवेळी बुडणाऱ्या बाजूलाच कसे काय असतात, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्याकडे तो प्रश्न जातीचा आहे.

अश्विनी देशपांडे आणि राजेश रामचंद्रन या दोन अर्थतज्ज्ञांनी सीएमआयईचाच डेटा घेऊन २०२० चं जातीनिहाय गणित मांडलं. लॉकडाऊनच्या पहिल्या महिन्यात अनुसूचित जातींच्या लोकांचं काम जाण्याचं प्रमाण उच्च जातींच्या तुलनेत साधारण तिप्पट निघालं. हे ऐकलं की काहीजण लगेच म्हणतात की यात जात कुठे आली, रोजंदारीवाल्यांचं काम गेलं, आता ते दलित असतील तर योगायोग. पण रोजंदारीत कोण आहे हा योगायोग नाहीये ना! कोण बारावीच्या पुढे शिकला, कुणाच्या मामाने कुणाला कुठे चिकटवला, कुणाकडे गहाण टाकायला दोन एकर जमीन आहे, कुणाच्या घरात आधीच एखादा सरकारी नोकर आहे, हे सगळं जातीने ठरत आलंय आणि त्यातूनच कोण लॅपटॉपच्या कामात गेला आणि कोण गटार, झाडू, हमाली, वीटभट्टीच्या कामात गेला हे ठरलं.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. विणकाम खात्यात पगार चांगला होता, पण तिथे दलित कामगारांना घेत नसत, कारण धोट्यात (मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी तुकड्यात) धागा ओवताना तो तोंडाने ओढावा लागायचा आणि दुसऱ्याच्या तोंडाचा धागा सवर्ण कामगारांना चालत नव्हता. मग दलित कामगार कमी पगाराच्या खात्यांत राहिले. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा युनियनच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट आज सांगायचं कारण एवढंच की संकट आल्यावर कोण कुठल्या खात्यात उभा होता यावर त्याचं पुढचं सगळं ठरतं आणि त्या खात्यात तो आपल्या मर्जीने गेलेला नसतो. त्याच गिरण्यांत १९२० च्या दशकात पाचातली एक कामगार बाई असायची. त्या मुख्यतः वाइंडिंग-रीलिंगच्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यांत असायच्या, पुढे मशीनं बदलली, माणसं कमी करायची वेळ आली तेव्हा तीच खाती आधी छाटली गेली, बायकांना रात्रपाळीला बंदी होती आणि बाळंतपणाच्या रजेचा खर्च मालकाला नको होता. पुढच्या काही दशकांत गिरणीतली बाई जवळजवळ दिसेनाशी झाली. १९८२ च्या संपाने लाखो घरं उद्ध्वस्त झाली तेव्हा गिरणी कामगार म्हटल्यावर आपल्याला पुरुषच आठवतो, कारण बायकांना त्याच्या कितीतरी आधी बाहेर काढून झालं होतं. आणि संपानंतर त्या घरांमध्ये खानावळी चालवून, पापड लाटून, धुणीभांडी करून संसार ओढला तो बायकांनीच.

बायकांचा विषय निघालाच आहे तर इथे जरा थांबू, कारण बेरोजगारीचा दर आपल्याला सगळ्यात जास्त फसवतो तो याच ठिकाणी. सरकारी सर्व्हेप्रमाणे २०२० च्या जानेवारी-मार्चमध्ये शहरांतल्या पुरुषांची बेरोजगारी पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास होती, बायकांची साडेदहाच्या आसपास. एप्रिल-जूनमध्ये पुरुष जवळजवळ २१ टक्के आणि बायकापण २१ टक्केच. नुसतं हे वाचलं तर वाटेल की अरे वा, संकटाने स्त्री-पुरुष समानता आणली, आधी दीड-दोन टक्क्यांचा फरक होता तो पण गेला. खरंतर झालं काय तर हा दर काढताना खाली भागायला सगळी लोकसंख्या घेत नाहीत, फक्त काम करणारे आणि काम शोधणारे एवढेच घेतात. ज्या बाईचं काम गेलं आणि जिने "आता कुठे मिळणार, त्यात पोरांची शाळा घरी, सासू आजारी" म्हणून शोधणंच सोडलं, ती बेरोजगार म्हणून मोजली जात नाही, ती थेट "घरकाम करते" या रकान्यात जाते आणि हिशोबातून बाहेर पडते. कागदावर ती बेरोजगार नाहीच! शहरांत पंधरा वर्षांवरच्या बायकांपैकी काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या आधी साधारण २२ टक्के होत्या, त्या तीन महिन्यांत २० च्याही खाली आल्या. म्हणून बायकांबद्दल बोलताना बेरोजगारीचा दर बाजूला ठेवा आणि किती बायकांच्या हातात प्रत्यक्ष काम आहे ते बघा.

तसं बघितलं की चित्र एकदम बदलतं. एप्रिल २०२० मध्ये संख्येने जास्त काम पुरुषांचं गेलं, दहा कोटींहून जास्त पुरुष आणि पावणेदोन कोटींच्या आसपास बायका, पण आपल्याकडे कामावर असतातच मुळात पुरुष जास्त. म्हणून देशपांडे यांनी असा प्रश्न विचारला की आधी कामावर असलेल्या एका बाईची आणि तशाच एका पुरुषाची तुलना केली तर लॉकडाऊननंतर कामावर कोण उरलं? उत्तर आलं की बाई कामावर असण्याची शक्यता पुरुषापेक्षा जवळपास २० टक्के-अंकांनी कमी. आणि परत येण्याच्या बाबतीत तर अजून वाईट. सीएमआयईच्या हिशोबात २०१९-२० मध्ये काम करणाऱ्यांत बायका साधारण ११ टक्के, एप्रिलमध्ये काम गेलेल्यांत जवळजवळ १४ टक्के, आणि नोव्हेंबरपर्यंत पुरुष बरेचसे परत कामावर गेले तेव्हा जे काम परत मिळालंच नाही त्यात बायकांचा वाटा ४९ टक्के. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२१ च्या अहवालात हेच दुसऱ्या बाजूने दिसतं. ज्या पुरुषांना आधी काम होतं त्यांच्यातल्या ६१ टक्के लोकांचं काम टिकून राहिलं आणि वर्षाअखेरीपर्यंत परत न येऊ शकलेले फक्त ७ टक्के. बायकांमध्ये काम टिकलेल्या फक्त १९ टक्के आणि परत न आलेल्या ४७ टक्के. मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला वाटलं छापताना काहीतरी चुकलंय. लग्न झालेल्या पुरुषाची कामावर परत जाण्याची शक्यता वाढते आणि लग्न झालेल्या बाईची कमी होते हेही त्याच अभ्यासात आहे, आणि ज्या घरात मूल, म्हातारी माणसं आणि ऑनलाइन शाळा एकाच वेळी होती त्या घरातल्या कुठल्याही बाईला याचं कारण कुणी सांगायची गरज नाही.

शहरातल्या घरकामवाल्या ताईंचं उदाहरण घेतलं तर यातले सगळे धागे एकाच ठिकाणी दिसतात. लेखी करार नाही, मालक एक नाही चार-पाच घरं, काम घरून करण्यासारखं नाही, समाजाच्या उतरंडीत बहुतेकजणी खालच्या बाजूच्या, आणि २०२० मध्ये पुणे-मुंबईच्या कितीतरी सोसायट्यांनी गेटवरच नोटीस लावली की बाहेरच्या कामवाल्यांना प्रवेश बंद. काही घरांनी दोन-तीन महिने पगार चालू ठेवला, त्यांचं खरंच कौतुक आहे, पण ते त्या-त्या माणसाच्या चांगुलपणावर होतं, हक्काने मागायची कुठलीच सोय त्या ताईंकडे नव्हती. गेट उघडल्यावर चारातली दोन घरं म्हणाली की आता आम्हाला सवय झाली, आमचं आम्ही करतो.

वयाचं गणित त्यामानाने सरळ आहे. शेवटी आलेला आधी जातो हा नियम कायद्यात असो नसो, व्यवहारात असतोच, आणि शेवटी आलेला म्हणजे बहुतेकदा तरुण. वर जे शहरांचं २१ टक्के सांगितलं, त्यात १५ ते २९ वयाच्या मुलामुलींचा दर जवळजवळ ३५ टक्के होता. अझीम प्रेमजीच्या अहवालात १५ ते २४ वयाच्या काम करणाऱ्यांपैकी ३३ टक्के डिसेंबर २०२० पर्यंत परत कामावर येऊ शकले नाहीत, २५ ते ४४ मध्ये हेच प्रमाण ६ टक्के. शिवाय मंदीत कंपन्या काढतात कमी आणि भरती थांबवतात जास्त, तो सगळा मार बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांवर पडतो, आणि ज्याची नोकरी लागलीच नाही त्याची नोकरी "गेली" असं कुणी धरत नाही. २०२० ला डिप्लोमा, डिग्री पास झालेल्या पोरांना विचारा. कॅनडातल्या पदवीधरांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की मंदीच्या वर्षी पास झालेल्यांचा सुरुवातीचा पगार साधारण ९ टक्क्यांनी कमी असतो आणि तो खड्डा भरून यायला दहाएक वर्षं लागतात. त्या पोरांची चूक एवढीच की ती त्या वर्षी जन्माला आली असं म्हणायचं का मग?

आता एक गोष्ट जी अनेकांना उलटी वाटते. सगळ्यात गरीब माणूस जास्त दिवस बेरोजगार राहतच नाही, कारण त्याला ते परवडत नाही. आपल्याकडे बेकारभत्ता म्हणून जे आहे ते जवळजवळ नाहीच. ईएसआय या कामगार विमा योजनेत असलेल्या, आणि तेही अटी पूर्ण करणाऱ्या कामगाराला अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेत तीन महिन्यांपर्यंत काही पैसे मिळतात, २०२० मध्ये ते पगाराच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के केले, पण नाक्यावरच्या माणसाला ईएसआय कुठून असणार. म्हणून तो मिळेल ते काम घेतो, भाजी विकतो, गावाकडे जाऊन भावाच्या शेतात हात लावतो. सर्व्हेचा नियम असा की आठवड्यात एखाद्या दिवशी तासभर जरी काम केलं तरी तो माणूस रोजगारात धरायचा, आणि घरच्या शेतात बिनपगारी राबला तरीही धरायचा. त्यामुळे दर खाली येतो आणि सगळे म्हणतात की रिकव्हरी झाली. देशातल्या काम करणाऱ्यांपैकी शेतीत असणाऱ्यांचा वाटा २०१८-१९ ला साडेबेचाळीस टक्के होता, तो वाढून २०२०-२१ ला साडेशेहेचाळीसवर गेला. कितीतरी वर्षं हळूहळू कमी होत आलेला वाटा वर गेला आणि त्याचं कारण काही शेती अचानक परवडायला लागली हे नव्हतं.

रोजंदारीवाले परत आले पण कमी पैशांवर, आणि पगारदारांचं उलट झालं, त्यांची नोकरी उशिरा गेली पण गेली ती लवकर आलीच नाही. एप्रिलमध्ये पावणेदोन कोटींच्या वर असलेला पगारदारांच्या गेलेल्या नोकऱ्यांचा आकडा ऑगस्टपर्यंत दोन कोटींच्या वर गेला. २०१९ च्या शेवटी पक्क्या पगारी नोकरीत असलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक वर्षभरात असंघटित कामाकडे ढकलले गेले, आणि तिथेही सगळे एकाच दारातून गेले नाहीत. उच्च जातींतले लोक जास्त करून स्वतःचा काहीतरी धंदा टाकण्याकडे गेले तर मागास जातींतले लोक आणि मुसलमान रोजंदारीकडे. दोघांचीही नोकरी गेली, दोघेही आकडेवारीत "परत कामावर" दिसतात, पण एकाकडे दुकानाचा गाळा घ्यायला थोडं भांडवल, ओळखी, घरच्यांचा आधार होता आणि दुसऱ्याकडे फक्त हात होते.

परगावच्या कामगारांचं वेगळं सांगायला पाहिजे, कारण त्यांचं कामाबरोबर घरही गेलं. बांधकामावरचा माणूस साईटवरच राहतो, कारखान्यातला कंत्राटदाराच्या खोलीत, काम बंद झालं की राहायची जागा, मेस आणि उधारी सगळंच बंद. रेशनकार्ड गावाकडचं, ते तेव्हा बहुतेकांचं इथे चालत नव्हतं. ८ मे २०२० ला पहाटे औरंगाबादजवळ करमाडला मालगाडीखाली सोळा मजूर गेले ते जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारे, मध्य प्रदेशात आपल्या गावी निघालेले, रुळांवरून चालत होते कारण रस्त्यावर पोलिस अडवत होते. त्याच्या महिनाभर आधी आपल्याच बीड-नगरकडचे लाखाहून जास्त ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या फडात अडकून पडले होते, एप्रिलच्या मध्याला सरकारने परवानगी दिल्यावर ते निघाले. त्यांचा हंगाम होऊन गेला होता म्हणून त्या वर्षीचं ऊसतोडीचं काम तरी वाचलं, पण मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फिटली नसेल तर पुढच्या वर्षीची मजुरी आधीच गहाण पडलेली असते, मग अशा माणसाला रोजगार आहे की नाही हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

मग यावर उपाय काय, तर काही गोष्टी आपल्याकडेच होऊन गेल्यात. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी मोठ्या प्रमाणावर चालवली, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचा त्यामागे मोठा हात, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढे देशाच्या नरेगाला तोच अनुभव उपयोगी पडला. तिची खरी ताकद अशी की तिथे कुणी निवड करत नाही, जो मागेल त्याला काम, म्हणून खडी फोडायला आणि पाझर तलावावर बायका इतक्या मोठ्या संख्येने आल्या. २०२०-२१ मध्ये गावी परतलेल्यांना आधार मिळाला तो याच कामाचा, त्या वर्षी साडेसात कोटी कुटुंबांनी नरेगावर काम केलं. पण ही हमी खेड्यापुरतीच होती. २०२० चा घाव शहरांवर बसला होता आणि बहुतेक राज्यांच्या शहरांत असं मागितलं की काम देणारं काहीच नव्हतं. केरळने २०१० पासून आणि राजस्थानने २०२२ मध्ये शहरांसाठी तशी योजना आणली, ज्या महाराष्ट्राने ही कल्पना देशाला दिली त्याने आपल्या शहरांसाठी अजून तसं केलेलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि पैसे थेट हातात द्यायचे म्हटले तरी गाडी परत कागदावरच अडते. एप्रिल २०२१ ला दुसऱ्या लाटेचे निर्बंध लागले तेव्हा राज्य सरकारने नोंदणी असलेल्या बांधकाम कामगारांना, घरेलू कामगारांना, फेरीवाल्यांना आणि परवानाधारक रिक्षावाल्यांना प्रत्येकी १५०० रुपये जाहीर केले. रक्कम थोडी होती पण माणसं बरोबर निवडली होती, अडचण फक्त "नोंदणी असलेल्या" या शब्दांत होती. बांधकाम कामगाराला नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो ठेकेदाराने किंवा ग्रामसेवकाने, महापालिकेने द्यायचा, आणि दर दोन महिन्यांनी साईट बदलणाऱ्याला कुठला ठेकेदार सही देतो! घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे, पण त्याच्या फॉर्मला जिथे काम करता त्या घराचा दाखला जोडायचा असतो, आणि सही दिली तर उद्या आपल्यावर काही येईल अशा भीतीने कितीतरी घरं तो देत नाहीत. त्या सहीने मालकाला एक रुपयाही भरावा लागत नाही, बाईचं नाव फक्त यादीत येतं आणि पुढच्या वेळी पैसे वाटायची वेळ आली की यादी तीच काढतात.